गरोदरपणात रक्तातलं शिसं तपासतात का? नागपुरात कोणी केलंय?

मोगरा_महाल
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. पण हा प्रश्न घरात विचारून झाला, डॉक्टरांना विचारून झाला, आता तुम्हाला विचारते.

मला अकरावा आठवडा सुरू आहे, पहिलीच वेळ. सासर महालात, जुना वाडा. समोरच्या दोन खोल्या रंगवायच्या म्हणून पंधरा दिवसांपासून दारं-खिडक्या खरवडणं चाललंय. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा, असे चार थर तरी निघाले. घरभर धूळ. परवा नणंदेचा फोन आला, ती न्यूयॉर्कला असते, क्वीन्समध्ये. धुळीचं सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "लेड टेस्ट केलीस का?" तिच्या वेळी पहिल्याच भेटीत तिला विचारलं होतं म्हणे: घर किती जुनं, रंगकाम चालू आहे का, नवरा काय काम करतो, माती-खडू खावासा वाटतो का, गावाकडून औषधं-काजळ आणलंय का. मग रक्त घेतलं.

मी आमच्या मॅडमना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "मोबाईल कमी बघत जा." सासूबाई म्हणतात, या वाड्यात तीन पिढ्यांची बाळंतपणं झाली. दोघींचं खरंही असेल. पण तुमच्यापैकी कोणाला कधी कोणी ही तपासणी सांगितली होती का?

रेशीमबागेतला_काका
आम्ही पाच भावंडं असल्याच वाड्यात जन्मलो. भिंतीचा रंग नखानं काढून खाल्लाय. सगळे ठणठणीत आहोत. उगाच घाबरू नये.

सावजी_रस्सा
काका, तुमचे इथले प्रतिसाद वाचून मले तं काही ठणठणीत वाटून नाही राहिलं 😄

रेशीमबागेतला_काका
@सावजी_रस्सा, तुझ्या रश्श्यातल्या लाल रंगाची तपासणी आधी कर बापा.

डॉ_तळ्याकाठी
मी प्रसूतितज्ज्ञ नाही, सामाजिक आरोग्यात आहे. तरी थोडं लिहिते.

आपल्याकडे नाव नोंदवल्यावर हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, लघवी, थायरॉईड असं सगळं होतं. शिसं त्या यादीत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्व शिबिरातही नाही. तेव्हा मॅडम हसल्या ते बरं नाही, पण त्यांनी काही चुकवलंय असं म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट: अमेरिकेतही सरसकट प्रत्येक गरोदर बाईचं रक्त काढत नाहीत. तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ साली हेच सांगितलं, की आधी प्रश्न विचारा, धोका दिसला तर तपासा. न्यूयॉर्क राज्यात पहिल्या भेटीत हे प्रश्न विचारणं बंधनकारक आहे. तुमच्या नणंदेला म्हणूनच विचारलं.

आता गरोदरपणातच का, ते. शरीराला शिसं आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत जाऊन बसतं, आणि तिथं वीस-तीस वर्षंही मुक्काम करतं. पोटात बाळ वाढायला लागलं की त्याच्या हाडांसाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम निघतं, त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही रक्तात उतरतं. वार (प्लासेंटा) त्याला अडवत नाही. बाळाच्या रक्तात जवळजवळ आईइतकंच शिसं सापडतं. जास्त असेल तर आईचा रक्तदाब वाढणं, गर्भपात, कमी वजनाचं मूल, पुढे मुलाच्या बुद्धीवर आणि वागण्यावर परिणाम, असे धोके. इतक्यापर्यंत चालतं अशी सुरक्षित पातळी कोणी सांगितलेली नाही.

मोगरा, तुमच्या बाबतीत जुनं काय आहे त्यापेक्षा आजची धूळ महत्त्वाची. आज संध्याकाळी घर सोडता येईल का?

लुनावाली
>>हाडांत वीस-तीस वर्षंही मुक्काम

म्हणजे शाळेत असताना बर्डीच्या सिग्नलवर बाबांच्या लुनामागे बसून जो धूर घेतला तो अजून माझ्या गुडघ्यात आहे?

डॉ_तळ्याकाठी
@लुनावाली, थोडाफार असेलही. देशभरातून शिसंयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये बंद झालं. त्याआधी शहरात वाढलेल्या सगळ्यांच्याच वाट्याला ते आलंय. माझ्याही.

लुनावाली
आई सारखी म्हणते, तुझ्या हाडाला काहीच लागत नाही. आता तिला सांगते, लागलंय.

वाकडा_खिळा
मला एक कळत नाही. काकांची पिढी, आपली पिढी, सगळे जगलो ना? प्रत्येक बाळंतपणाला आणखी दोन हजारांची तपासणी जोडायची, मग त्या तपासणीतून दुसरी. आधी लोकांच्या हिमोग्लोबिनचं बघा. मेळघाटात बाया सात-आठवर चालतात आणि आपण शिशावर चर्चा करतोय.

अमरावतीची_शकू
>>आधी हिमोग्लोबिनचं बघा

खिळेभाऊ, दोन्ही वेगळे प्रश्न नाहीत. मी नर्स आहे. अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं. वर शिसं रक्त बनू देत नाही. त्यात लोह कमी असलेल्या बाईलाच माती, खडू, पेन्सिल खायचे डोहाळे लागतात. म्हणजे जी बाई सातवर चालते तिलाच हे जास्त लागू. सगळ्यांचं रक्त काढा असं कोण म्हणतंय इथं? विचारा तरी, एवढंच म्हणणं आहे.

पाटीवरची_पेन्सिल
पेन्सिल म्हणालात म्हणून कबुली देते. दोन्ही वेळा मी पाटीच्या पेन्सिली खाल्ल्या. पुडाच आणायचे. आमच्या गल्लीतला दुकानदार सातव्या महिन्यात विचारायला लागला, "वहिनी, शाळा काढली का?" नवरा हसायचा, सासू ओरडायची. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली, त्यांनी कधी विचारलंही नाही. पावसाळ्यात ओल्या मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. आता हे वाचून पोटात गोळा आलाय. पोरं बारा आणि नऊची आहेत.

वाकडा_खिळा
शिसपेन्सिल खाल्ली असती तर मेलाच असता तुम्ही, नावातच शिसं आहे.

गुरुजी_कामठी
शिसपेन्सिलीत शिसं नसतं! ३१ वर्षं सांगून घसा बसला. आत ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बन. फार पूर्वी लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं, म्हणून नाव चिकटलं. पाटीची पेन्सिल वेगळीच, ती दगडाची. त्यामुळे @पाटीवरची_पेन्सिल ताई, पेन्सिल म्हणजे शिसं असं समीकरण करू नका. पोरांच्या हातातल्या जुन्या पेन्सिलीला बाहेरून जो रंग असायचा तो मात्र चघळू नये.

अमरावतीची_शकू
गुरुजींचं बरोबर. पण माती कुठली आहे ते कोणाला माहीत? रस्त्याकडेची, भट्टीजवळची, भंगारवाल्याच्या मागची. डोहाळा लागला तर लपवू नका, लोह तपासून घ्या. लोह भरून निघालं की खूप जणींची ती इच्छा आपोआप जाते.

पाटीवरची_पेन्सिल
माझी इंजेक्शनं झाल्यावर गेली होती. तेव्हा वाटलं सासूबाईंच्या नवसानं गेली.

रसायनी_वैद्य
धाग्यावर अजून कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात शिशाला नाव काय? नाग. आणि आपण राहतो कुठं?

सावजी_रस्सा
😂😂 म्हणजे गावच्या पाटीवरच लिहून ठेवलंय, अन् आपण रक्त तपासून राहिलो!

धंतोली_बोळ
नागपूरचं नाव नाग नदीवरून आहे हो. विनोद चांगला आहे, पण उद्या हे व्हॉट्सॲपवर फिरेल.

रेशीमबागेतला_काका
फिरलं पण. मघाशीच तीन ग्रुपांवर टाकलं.

डॉ_तळ्याकाठी
वैद्यजी, विनोद आवडला, पण विषय निघालाच आहे तर नागभस्माबद्दल तुम्हीच स्पष्ट सांगा. २०१२ साली न्यूयॉर्क शहरातून सहा गरोदर बायकांची माहिती प्रसिद्ध झाली होती. भारतातून आलेली आयुर्वेदिक म्हणवणारी औषधं घेत होत्या. रक्तात शिसं १६ ते ६४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. ४५ च्या पुढे गेलं की शिसं बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार करावा लागतो, आणि गरोदरपणात तो निर्णय सोपा नसतो.

रसायनी_वैद्य
मी स्वतः गर्भिणीला रसौषधी देत नाही. शोधन-मारण नीट झालेलं भस्म आणि बाजारातली पुडी यांत फरक आहे असं आमचं शास्त्र सांगतं, पण बिनालेबलची पुडी कोणी दिली तर आत काय आहे ते मलाही ओळखता येणार नाही. 'मुलगाच होईल' म्हणून ज्या पुड्या देतात त्या तर सरळ पोलिसांत द्याव्यात.

डॉ_तळ्याकाठी
शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. फरकाच्या मुद्द्यावर मात्र असहमत. शिसं हे मूलद्रव्य आहे, कितीही पुटं दिली तरी ते शिसंच राहतं. यावर वेगळा धागा काढू, नाहीतर मोगरा बिचारी धुळीत बसून राहील.

चितारओळ_ते_क्वीन्स
मी मूळचा चितार ओळीचा, आता न्यूयॉर्कला. बायकोलाही पहिल्या भेटीत हेच विचारलं. 'कुंकू लावता का' यावर आमची पंचाईत झाली. तिनं हो म्हटलं, तर नर्सनं लगेच खूण केली. मग मी समजावून सांगितलं की आमचं कुंकू हळदीला चुना-लिंबू लावून करतात, आणि सिंदूर निराळा. ती म्हणाली, डबी आणा. डबीवर काय होतं? 'उत्तम प्रतीचे कुंकू'. बस, आणखी काही नाही. आत हळद आहे की कारखान्यातला रंग, देवाला माहीत. चाचणी केली, बरी आली.

धंतोली_बोळ
शेंदूर आणि कुंकू एक समजू नका लोकहो. मारुतीला जो शेंदूर फासतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साईड. जुन्या लोखंडी गजांना, गेटला जो केशरी प्रायमर मारत, रेड लेड म्हणत त्याला, तोही तोच पदार्थ. २०१७ साली न्यू जर्सीतल्या आणि भारतातल्या दुकानांतून सिंदूरचे नमुने घेऊन तपासले होते, बहुतेकांत कमीजास्त शिसं निघालं. देवाला लावा, बोट मात्र धुवा. प्रसाद त्याच हातानं खाऊ नका.

लुनावाली
टेकडी गणपतीला दर मंगळवारी जाते मी. पुजाऱ्यांनी लावलेला टिळा तसाच ठेवून खाली येऊन कचोरी खाते.

सावजी_रस्सा
कचोरी आधी खा, दर्शन मग घे.

रेशीमबागेतला_काका
निषेध.

वायगावची_हळद
आयडीच असा आहे म्हणून बोलावंच लागेल. बांगलादेशात खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं, आणि ना कारखाना ना बॅटरी. शेवटी शोधलं तर हळद. गड्डे पिवळेधमक दिसावेत म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळत. हे २०१९ ला छापून आलं, सरकारनं बाजारात धाडी घातल्या, आणि ४७ टक्के नमुन्यांत जे शिसं सापडत होतं ते २०२१ पर्यंत शून्यावर आलं. म्हणजे मनावर घेतलं तर दोन वर्षांत होतं.

आमच्याकडे समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद होते, भौगोलिक मानांकन आहे तिला. रंग आपसूकच गडद असतो, वरून काही चोळावं लागत नाही. सुट्टी हळद घ्यायची तर गड्डे पाण्यात टाकून बघा. पाणी लगेच भडक पिवळं झालं आणि हाताला रंग आला तर ठेवा परत. (जाहिरात नाही, आमची दोन एकर आहे फक्त.)

वाकडा_खिळा
दोन एकर 'फक्त' 😏

जुनी_इन्व्हर्टर
वाचत होतो, लिहू की नको करत होतो. लिहितो.

माझं बॅटरीचं काम. गाडीच्या, इन्व्हर्टरच्या. दहा वर्षांपूर्वी मी मागच्या खोलीत जुन्या बॅटऱ्या फोडायचो, प्लेटा काढायचो, शिसं वितळवून पट्ट्या ओतायचो. नंतर नवे प्लेट टाकून बॅटरी विकायचो. त्याच घरात पुढे आम्ही राहायचो. रात्री आलो की तेच कपडे, मुलीला उचलून घ्यायचो. (मोठी मुलगी. धाकटी नंतरची.)

धाकटीच्या वेळी बायकोचं हिमोग्लोबिन साडेसातच्या वर जाईना. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. पोट दुखायचं तिचं, आम्हाला वाटलं ॲसिडिटी. एका खाजगी ठिकाणी चार महिने दाखवलं, कोणी विचारलं नाही मी काय करतो. फॉर्मवर 'धंदा' लिहिलं होतं, धंदा म्हणजे कसला, कोण विचारणार. मग सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक शिकाऊ डॉक्टर पोरगी होती, चोवीस-पंचवीसची. तिनं बायकोला सोडून माझ्या हाताकडे पाहिलं. नखं काळी. म्हणे, "भाऊ, तुम्ही काय काम करता?" मी सांगितलं. ती एक मिनिट गप्प बसली.

रक्त मुंबईला गेलं. बायकोचं २३ आलं. माझं ४१. मोठीचं १९.

फोडायचं काम त्या दिवशी बंद केलं, म्हणजे खरं तर पंधरा दिवसांनी, ऑर्डर होत्या. खोटं कशाला बोलू. बायकोला तिच्या आईकडे भंडाऱ्याला पाठवलं. खोलीची माती खणून काढली. कॅल्शियम, लोह चालू राहिलं. तीन महिन्यांनी १४ वर आलं, त्याखाली लवकर येईना. डॉक्टर पोरगी म्हणाली, रक्तातलं महिन्या-दोन महिन्यांत कमी होतं, हाडातलं निघत राहतं.

धाकटी आता नऊ वर्षांची. वजन कमी भरलं होतं, सव्वादोन किलो. गणितात हुशार आहे, एका जागी बसत नाही. हे शिशामुळे की माझ्यामुळे, बायको म्हणते माझ्यामुळे. मी अजूनही बॅटरीच विकतो, पण जुनी बॅटरी कंपनीला परत देतो. घरात शिरायच्या आधी अंगणात आंघोळ, थंडीतसुद्धा.

तेव्हा मोगराताई, तुमच्या डॉक्टर हसल्या तर हसू द्या.

अमरावतीची_शकू
भाऊ 🙏 उद्याच आमच्या ओपीडीच्या कागदावर 'नवऱ्याचा धंदा' खाली मी एक ओळ हातानं वाढवणार आहे: नक्की काय करतो.

वाकडा_खिळा
मागे घेतो माझं. सगळं नाही, पण मागे घेतो.

कल्हई_करा_कल्हई
जरा अवांतर. आजीची पितळी पातेली काढलीत, कल्हईवाला गांधीबागेजवळ बसतो. कल्हईत शिसं असतं का?

गुरुजी_कामठी
कल्हई कथलाची. शुद्ध कथील असेल तर भीती नाही. पण कथील महाग, म्हणून कुणी शिसं मिसळलेली कांडी वापरली तर डोळ्यांना कळत नाही. ओळखीचा कल्हईवाला बघा, नसेल तर त्यात आंबट शिजवू नका. चिंच-कोकम धातू लवकर ओढतं.

मंडळ_पहारेकरी
पातेली, कचोरी आणि नाग नदी यांच्यासाठी वेगळे धागे काढावेत. मोगरा_महाल, तुमचं पुढे काय झालं?

मोगरा_महाल
सगळ्यांचे आभार, विशेष करून जुनी_इन्व्हर्टर भाऊंचे. त्यांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, बॅग भरायला लागला. त्याच रात्री वर्ध्याला आईकडे आले.

टेस्ट केली. लॅबवाल्यानं तीन वेळा विचारलं, "लेड की लिपिड?" रिपोर्ट आज आला आणि हातपाय गार पडले. ३८!! डॉक्टर ताईंनी ४५ ला औषध लिहिलं होतं ना? रडून रडून डोळे सुजलेत. कोणीतरी लवकर सांगा.

डॉ_तळ्याकाठी
मोगरा, आधी पाणी प्या. आकड्यापुढे एकक काय लिहिलंय ते वाचून सांगा. अक्षर न अक्षर.

मोगरा_महाल
मायक्रोग्रॅम प्रति लिटर.

डॉ_तळ्याकाठी
लिटर. डेसिलिटर नाही. दहानं भागा. तुमचं ३.८ आहे. आम्ही सगळे ज्या आकड्यांत बोलत होतो त्यात ३.८. जागतिक आरोग्य संघटना ५ पासून पुढे कारण शोधून काढायला सांगते. तुम्ही त्याच्या खाली आहात, आणि कारण तर तुम्ही आधीच सोडून आलात. शून्य असतं तर उत्तम, पण आज रडण्यासारखं काही नाही. रिपोर्ट मॅडमना दाखवा, पुन्हा कधी करायची ते त्यांच्याशी बोलून ठरवा. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नका, मध्ये काही तास जाऊ द्या. दोन्ही चुकवू नका.

गुरुजी_कामठी
आठवीच्या पोरांना एककं लिहिली नाहीत की अर्धा गुण कापायचो. पालक भांडायला यायचे.

मोगरा_महाल
गुरुजी, आता हसू येतंय. तासाभरापूर्वी आलं नसतं.

वाड्याचं काय करू तेवढं सांगा. रंगारी म्हणतो अजून चार दारं बाकी आहेत.

धंतोली_बोळ
भिंतींचा चुना-डिस्टेंपर सोडा, दारं-खिडक्यांचा जुना ऑइल पेंट हीच मुख्य भानगड. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीचे थर कसेही असू शकतात. कोरडं घासू नका, मशीन तर मुळीच नको. पाणी मारून ओलं खरवडायचं, खाली प्लास्टिक, तुकडे गोळा करून बांधून टाकायचे. जो रंग पक्का बसलाय तो न खरवडता वरून नवा मारला तरी चालतो. नंतर झाडू नाही, ओलं फडकं, दोन-तीनदा. रंगाऱ्यालाही सांगा, घरी जायच्या आधी कपडे बदल. त्याच्याही घरी कोणी असेल.

मोगरा_महाल
त्याला फोन केला. त्याच्या सुनेला सातवा महिना आहे.

जुनी_इन्व्हर्टर
नंबर द्या त्याचा. नाही, इथं नको. व्यनि (खाजगी निरोप) करा. मी बोलतो त्याच्याशी, माझं ऐकेल.

रेशीमबागेतला_काका
मोगरा, सासूबाईंना काय सांगितलंस?

मोगरा_महाल
पहिलं बाळंतपण माहेरीच असतं, जरा लवकर आले इतकंच. त्या म्हणाल्या, मग लोणचं घेऊन जा. ते कशाच्या भांड्यात मुरवलंय ते विचारायचा धीर झाला नाही.